सॅन फ्रान्सिस्को : चालकाविना फिरताना

शनिवार

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरलं की चालक नसलेली पहिली गाडी टर्मिनलच्या दारातच भेटते. सगळी टर्मिनल, भाड्याच्या गाड्यांचं केंद्र आणि बार्ट रेल्वेचं स्टेशन जोडणारी एअरट्रेन २००३ पासून चालकाविना धावते आहे. रबरी टायर, उंचावरून जाणारा काँक्रीटचा मार्ग, पुढे मोठी काच. जिथे चालक बसायचा त्या जागी दोन लहान मुलं काचेला नाक लावून उभी होती. बाकी डब्यात कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. बॅगा सांभाळायच्या, फोन बघायचा, स्टेशन आलं की उतरायचं. वीस वर्षांहून जास्त काळ एखादी सोय रोज नीट चालली की माणसं तिच्याकडे बघेनाशी होतात, आणि सार्वजनिक वाहतुकीला यापेक्षा मोठी पावती नाही असं मला वाटतं.

मी वाहतूक नियोजनात काम करते. गेली काही वर्षं जवळजवळ प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच : स्वयंचलित गाड्या येणारच आहेत, तर मग बस आणि मेट्रोवर एवढा खर्च कशाला? विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात. त्यांना अहवाल वाचून उत्तर देण्याचा मला कंटाळा आला होता. जिथे या गाड्या रोज, सामान्य रहदारीत, सामान्य माणसांना घेऊन धावतायत ते शहर पायाखालून घालावं म्हणून सुट्टी काढून आले. जुनी मैत्रीण इथे मिशन भागात राहते, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता.

विमानतळावरून तिच्या घरापर्यंत बार्टने गेले. बार्टच्या पुढच्या केबिनमध्ये माणूस असतो, पण वेग वाढवणं, कमी करणं, फलाटावर नेमक्या जागी थांबणं ही कामं ११ सप्टेंबर १९७२ ला सेवा सुरू झाली तेव्हापासून यंत्रणाच करते. माणूस दारं सांभाळतो, घोषणा करतो, आणि काही बिघडलं तर गाडी हातात घेतो. म्हणजे रस्त्यावरच्या ज्या गाड्या बघायला मी आले त्यांच्याही अर्धशतक आधी या खाडीभोवती संगणक माणसांना घेऊन धावत होता. हे माहीत होतं, पण गाडी फलाटावरच्या काळ्या पट्ट्यांसमोर बरोबर दारं आणून थांबली तेव्हा पुन्हा एकदा बरं वाटलं.

रविवार

आज पहिल्यांदा वेमोमध्ये, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीत (रोबोटॅक्सीत) बसले. जून २०२४ पासून ही सेवा इथे सगळ्यांसाठी खुली आहे, त्यामुळे मैत्रिणीला त्याचं नवल उरलेलं नाही. तिने फोनवरून गाडी मागवली. गाडी घरासमोर न येता कोपऱ्यावर थांबली, कारण आमच्या दारात थांबायला रिकामी जागा नव्हती. पांढरी जॅग्वार, टपावर फिरता घुमट, घुमटावर मैत्रिणीच्या नावाची आद्याक्षरं उजळलेली. फोनवरून दार उघडलं. आत आवाजाने तिचं नाव घेऊन स्वागत केलं, पट्टा लावायला सांगितलं. पडद्यावरचं बटण दाबलं आणि गाडी निघाली.

पहिली काही मिनिटं नजर स्टिअरिंगवरून हलत नाही. ते चाक हळू, सारख्या गतीने फिरतं; माणसाचा हात मध्ये मध्ये जशी छोटी दुरुस्ती करतो तसं काही नाही. मग मी पडद्याकडे बघायला लागले. तिथे आजूबाजूचा रस्ता उमटत असतो : गाड्या, सायकली, फुटपाथवरची माणसं. पार्क केलेल्या व्हॅनमागे एक बाई उभी होती. मला ती दिसायच्या आधी पडद्यावर तिची आकृती आली होती. या पिढीच्या गाडीवर २९ कॅमेरे, ५ लिडार आणि ६ रडार आहेत. लिडार लेझरचे ठोके सोडतो, ते परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजतो, आणि हे चहूबाजूंनी सतत चालू असतं. माणसाला मान वळवावी लागते, गाडीला लागत नाही.

एका अरुंद रस्त्यावर सामान उतरवणारा ट्रक आमची लेन अडवून उभा होता. गाडी थांबली. समोरून दोन मोटारी गेल्या. मग तिने इंडिकेटर दिला, मधली पिवळी रेघ ओलांडून ट्रकला वळसा घातला आणि परत लेनमध्ये आली. मी पाहिलेल्या कित्येक चालकांपेक्षा शांतपणे. पुढच्या चौकात एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते, गाडी ते पूर्ण पलीकडे पोहोचेपर्यंत हलली नाही. त्यांनी सवयीने हात वर करून आभार मानले.

वेमो आणि स्विस री या विमा कंपनीने मिळून डिसेंबर २०२४ मध्ये अडीच कोटी मैलांच्या प्रवासाचा हिशेब मांडला होता. माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी आणि शारीरिक इजेचे ९२ टक्क्यांनी कमी. अभ्यासात कंपनी स्वतः सामील आहे हे लक्षात ठेवूनही हा फरक झटकून टाकण्यासारखा नाही. रस्त्यावर मरणाऱ्यांमध्ये पायी चालणारे किती असतात हे ज्याने पाहिलंय त्याने तर मुळीच झटकू नये. सुरक्षिततेच्या बाबतीत मी या गाडीच्या बाजूची आहे, हे पहिल्याच फेरीनंतर ठरलं.

आम्ही गोल्डन गेट पार्कला उतरलो. आतला जॉन एफ. केनेडी रस्ता महासाथीच्या काळात मोटारींना बंद केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनी मतदान करून तो बंदच ठेवायचं ठरवलं. आज रविवार, त्यामुळे स्केटवरची पोरं, तीनचाकी सायकलवरच्या आज्या, मधोमध मांडलेला पियानो. इथे कुणालाही लिडारने शोधावं लागत नव्हतं.

वळून पाहिलं तर आमची गाडी निघूनही गेली होती. रिकामी. त्यानंतर मुख्य रस्त्यावर बसची वाट बघत असताना आणखी रिकाम्या वेमो जाताना दिसल्या. कुठल्या तरी प्रवाशाकडे, चार्जिंगला किंवा नुसत्याच पुढच्या मागणीची वाट बघत. मी मैत्रिणीला म्हटलं, "अगं, आत्ता या रस्त्यावर धावणाऱ्या किती गाड्यांत एकही माणूस नाही बघ." ती म्हणाली, "टॅक्सीचं तसंच असतं की. फक्त टॅक्सीत निदान चालक तरी असायचा, म्हणून रिकामी वाटायची नाही."

तिचं बरोबर आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने २०१८ सालच्या अ‍ॅप-टॅक्सींचा हिशेब केला तेव्हा त्यांनी कापलेल्या एकूण अंतरापैकी ३८.५ टक्के अंतर प्रवाशाविना होतं. म्हणून दर प्रवासी-मैलामागचं त्यांचं उत्सर्जन सरासरी मोटारीच्या दीडपट भरलं. वेमो विजेवर चालते, धूर नाही, ही जमेची बाजू. पण रस्त्यातली जागा विजेची गाडी तेवढीच खाते आणि टायरची धूळही हवेत जातेच.

सोमवार

सकाळी ४९ नंबरची बस पकडली आणि व्हॅन नेस रस्त्याने उत्तरेला गेले. रस्त्याच्या मधोमध बससाठी लाल रंगाच्या दोन स्वतंत्र लेन आहेत, थांबे मध्येच. १ एप्रिल २०२२ पासून बस इथून धावते. हे व्हायला शहराला दोन दशकं लागली, आणि त्या काळात लोक किती चिडले असतील याची कल्पना मला माझ्या कामामुळे चांगलीच आहे. पण आज बघा : अठरा मीटरची जोडबस, ऐंशी-नव्वद माणसं मावतील एवढी, सिग्नलमागून सिग्नल ओलांडत चालली होती. शेजारच्या लेनमध्ये मोटारी खोळंबलेल्या, त्यात दोन वेमो. दोन्ही अगदी शिस्तीत, पुढच्या गाडीपासून नेमकं अंतर ठेवून खोळंबलेल्या.

या एका दृश्यासाठी इथे येणं सार्थकी लागलं. गाडी कितीही हुशार असो, ती रांगेत उभी राहिली की रांग तिच्या लांबीएवढी वाढते. चालकाच्या जागी संगणक बसवल्याने मोटार अरुंद होत नाही. स्वयंचलित गाड्या एकमेकींशी बोलून अगदी जवळून धावतील आणि रस्त्याची क्षमता वाढेल असं गणित नेहमी मांडलं जातं. महामार्गावर ते काही प्रमाणात जमेलही. शहरातल्या चौकात मात्र पायी चालणारा असतो, सायकलवाला असतो, व्हीलचेअर असते, आणि त्यांनी रस्ता ओलांडायचा तर सगळ्यांनाच थांबावं लागतं.

दुपारी मिशन रस्त्यावर ट्रॉलीबस पाहिल्या. डोक्यावर तारांचं जाळं, बसच्या टपावर दोन लांब दांड्या, आणि वीज येते शहराच्या हेच हेची जलविद्युत प्रकल्पातून. मोठी बॅटरी वाहून न्यावी लागत नाही, वाटेत चार्जिंगला थांबावं लागत नाही. शाश्वत वाहतूक म्हणून भविष्यातलं जे चित्र दाखवलं जातं त्यातला मोठा भाग या शहरात कित्येक दशकं तारांना लटकून धावतो आहे.

संध्याकाळी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात बसून काऊंटी वाहतूक प्राधिकरणाचा २०१८ चा अहवाल पुन्हा चाळला. २०१० ते २०१६ मध्ये शहरातली कोंडी जितकी वाढली त्यातला सुमारे निम्मा वाटा अ‍ॅप-टॅक्सींचा होता. त्या आल्या तेव्हाही वचन हेच होतं की लोक स्वतःच्या मोटारी विकतील आणि रस्ते मोकळे होतील. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदारांनी या फेऱ्यांवर कर मंजूर केला : एकट्याच्या फेरीवर भाड्याच्या ३.२५ टक्के, वाटून घेतलेल्या फेरीवर १.५ टक्के. विजेच्या गाड्यांनाही सुरुवातीला कमी दर दिला. कर मला पटतो, वाटून जाणाऱ्याला सूट हे तर फारच पटतं. पण तो भाड्यावर आहे. भाडं नसलेलं अंतर, म्हणजे काल मी पाहिलेल्या सगळ्या रिकाम्या गाड्या, त्यातून सुटतात. चालकाला पगार द्यावा लागत असेपर्यंत रिकामं फिरणं महाग होतं, म्हणून निदान काही मर्यादा होती. तो खर्च गेल्यावर गाडीला पार्किंगचे पैसे भरून उभं करण्यापेक्षा फिरवत ठेवणं स्वस्त पडू शकतं. हे थांबवायचं तर भाड्यावर नाही, अंतरावर आकारणी हवी, आणि रिकाम्या अंतरावर सर्वांत जास्त.

मंगळवार

बर्कलीला जायला बार्टने खाडीखालच्या बोगद्यातून गेले. पाण्याखाली साडेपाच किलोमीटरहून लांब नळी, १९७४ पासून वापरात. कानात दडे बसतात आणि काही मिनिटांत ओकलंडचे गोदीतले उंच क्रेन दिसायला लागतात.

बर्कलीला जायचं कारण एक छोटा प्रयोग. स्वयंचलित गाडी घरात आली तर माणसं कशी वागतील हे विचारून कळत नाही, म्हणून इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी एक युक्ती केली. बे एरिया म्हणजे या खाडीभोवतालच्या परिसरातल्या १३ जणांना आठवडाभर फुकट चालक दिला. गाडी त्यांचीच, चालक मात्र सांगेल ते करणार : मुलांना सोड, सामान आण, रिकामी गाडी घरी परत ने. म्हणजे प्रत्येकाला एक आठवडा स्वयंचलित गाडी मिळाल्यासारखंच. २०१८ मध्ये निकाल आला : गाड्यांनी कापलेलं अंतर ८३ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यात मालकाशिवाय धावलेल्या गाड्यांचाही भरपूर वाटा होता.

तेरा म्हणजे फारच थोडी माणसं, आणि फुकटच्या आठवड्यात कुणीही जरा जास्त फिरेल. तरी मला हा प्रयोग मोठमोठ्या संगणकी प्रारूपांपेक्षा जास्त शिकवून जातो, कारण त्यात माणसं खरी आहेत. आणि त्यातली एक गोष्ट मला विशेष आवडते : वाढलेल्या प्रवासात संध्याकाळच्या आणि लांबच्या फेऱ्या जास्त होत्या, आणि निवृत्त मंडळींचा प्रवास बराच वाढला. म्हणजे अंधार पडल्यावर गाडी चालवायला घाबरणारे, लांब राहणाऱ्या मित्राकडे जाणं टाळणारे लोक त्या आठवड्यात बाहेर पडले. त्या ८३ टक्क्यांत नुसती उधळपट्टी नव्हती, अडून राहिलेल्या भेटीही होत्या. नियोजन करणाऱ्याने हे दोन्ही वेगवेगळं मोजायला हवं. आजोबांची फेरी वाचवायची आणि दुधाच्या एका पिशवीसाठी पाठवलेली रिकामी दोन टनी गाडी थांबवायची, हे एकाच नियमाने होणार नाही.

विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळपर्यंत भटकले. टेकडीवरून पलीकडे शहर, पूल आणि त्या पुलावर दोन्ही बाजूंनी लागलेली मोटारींची रांग स्वच्छ दिसत होती.

बुधवार

फिफ्थ आणि मार्केट रस्त्यांचा चौक. खाली बार्टचं पॉवेल स्टेशन, वर माणसांची वर्दळ, जुन्या ट्राम. वेगवेगळ्या शहरांच्या रंगांत रंगवलेल्या या ट्राम चालवणारी बाई दर थांब्यावर आरशात डोकावून मागचं दार बघते, मग घंटा वाजवते. मार्केट रस्ता जानेवारी २०२० मध्ये खासगी मोटारींना बंद झाला. आता मुख्यतः बस, ट्राम, सायकल आणि टॅक्सी. २०२५ मध्ये वेमोला काही ठरावीक वेळांत आत यायची मुभा मिळाली. मी ज्यांच्याशी बोलले त्या सायकलवाल्यांमध्ये याबद्दल राग आहे. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. गाड्या बेशिस्त आहेत असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, एक रस्ता मोठ्या कष्टाने मिळवला होता, त्यात पहिली फट पडली.

पण मी या चौकात आले ते २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीसाठी. माणसाने चालवलेल्या एका मोटारीने इथे रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं आणि ती शेजारच्या लेनमध्ये क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे फेकली गेली. गाडीने ब्रेक लावला, तरी धडक बसली. एवढ्यावर थांबलं असतं तर दोष पहिल्या चालकाचा म्हणून प्रकरण मिटलं असतं. पण गाडीच्या यंत्रणेला वाटलं की धडक बाजूने बसली आहे, म्हणून ती कडेला जाऊन उभी राहायला निघाली, आणि खाली अडकलेल्या बाईला तिने सुमारे सहा मीटर फरपटत नेलं. बाई वाचली. राज्याच्या मोटार वाहन विभागाने २४ ऑक्टोबरला क्रूझचा परवाना थांबवला. त्यामागे दोन कारणं होती : गाडी सुरक्षित नाही, आणि कंपनीने घटनेची पूर्ण माहिती दिली नाही. पुढे केंद्रीय यंत्रणेला खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने कबूल केलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने या रोबोटॅक्सीवरचा खर्चच बंद केला.

बरोबर एक्कावन्न वर्षं आधी, २ ऑक्टोबर १९७२ ला, बार्ट सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. फ्रिमाँट या शेवटच्या स्टेशनात शिरताना एका गाडीने वेग कमी करायच्या ऐवजी वाढवला आणि ती रुळांचा शेवट ओलांडून बाहेर गेली. काही जण जखमी झाले. वेगाची आज्ञा वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमधला एक स्फटिक-दोलक, म्हणजे ठरावीक गतीने कंप पावणारा स्फटिक, बिघडला होता, त्यामुळे हळू जायचा संकेत गाडीने जोरात जायचा म्हणून वाचला. एवढासा तुकडा. आणि त्याआधी, मार्च १९७२ मध्ये, स्वयंचलित नियंत्रणाची चाचणी पुरेशी झालेली नाही असं सांगणाऱ्या तीन अभियंत्यांना बार्टने कामावरून काढलं होतं. १९७८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने त्या तिघांचा सार्वजनिक हिताच्या सेवेसाठी गौरव केला.

या दोन घटना मला शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. यंत्र चुकणार, हे दोन्ही वेळा कळलं. फरक पुढच्या वागण्यात आहे. फ्रिमाँटनंतर चौकश्या जाहीर झाल्या, राज्याच्या विधिमंडळाने तज्ज्ञ बोलावले, गाड्यांमधलं अंतर राखण्यासाठी आधी स्टेशनांवरून फोन करून खात्री करायची पद्धत आली, आणि यंत्रणा हळूहळू विश्वासाची झाली. हे शक्य झालं कारण बार्ट लोकांची होती, तिला उत्तर द्यावंच लागत होतं. रस्त्यावरच्या गाड्यांचे परवाने आज कॅलिफोर्नियात राज्याची दोन खाती देतात. ज्या शहराच्या रस्त्यांवर त्या धावतात त्या शहराला त्यात फारसा अधिकार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तास पैसे घेऊन सेवा द्यायची परवानगी मिळाली तेव्हा अग्निशमन दल सांगत होतं की या गाड्या त्यांच्या बंबांच्या वाटेत येतायत. परवानगी तरी मिळाली. मला हे मान्य नाही. आग विझवायला जाणाऱ्यांचं म्हणणं परवान्याच्या आधी ऐकायला हवं.

संध्याकाळी थांब्यावर एक अंध बाई शेजारी बसल्या होत्या, पायाशी त्यांचा वाटाड्या कुत्रा. मी काय बघायला आले हे सांगितल्यावर त्या सावरून बसल्या. "तुम्हाला सांगते, टॅक्सी बोलवायची आणि कुत्रा बघून ती निघून जायची, हे माझ्या बाबतीत कितीदा झालंय. कायदा आहे, पण गाडी गेल्यावर कायदा काय करणार? ही गाडी कुत्र्याला नाही म्हणत नाही." गाडी कुठे थांबली हे शोधणं मात्र अवघड जातं, असं त्या म्हणाल्या. त्यासाठी फोनवरून गाडीला धून वाजवायला लावता येते. "कामावर मी बसनेच जाते. बस रोज त्याच जागी थांबते, मला तेच लागतं. रात्री उशीर झाला तर ही." त्यांच्या व्हीलचेअर वापरणाऱ्या मैत्रिणीला मात्र या जॅग्वारमध्ये बसता येत नाही, रॅम्प म्हणजे चढायला उतार असलेली गाडी वेगळी मागवावी लागते आणि तिला चालक लागतो. इथल्या प्रत्येक बसला उतार आहे. त्यांची बस आली, उतार खाली आला, कुत्र्याने त्यांना बरोबर दारापाशी नेलं.

गुरुवार

थोडक्यात लिहिते. ट्रेझर आयलंडवर बसने गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये शहराने इथे छोट्या स्वयंचलित बसचा मोफत प्रयोग केला होता. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, आणि सोबत देखरेखीला एक माणूस. आता प्रयोग संपला आहे, रस्त्याकडेला नव्या इमारतींची कामं चालू आहेत. अशा प्रयोगांत गाडी हळू जाते, म्हणून पत्रकार निराश होतात. पण वाट हीच आहे असं मला वाटतं : आठ-दहा जणांची गाडी, स्टेशनापर्यंत पोहोचवणारी, थांबा ठरलेला. चालकाच्या पगारामुळे जिथे तासाला एकच बस परवडते तिथे दहा मिनिटांनी एक सोडता आली तर लोक मोटार घ्यायचं पुढे ढकलतील. त्यात मात्र रोबोटॅक्सीइतका पैसा कुणी ओतत नाही.

दुपारी केबल कारचं यंत्रघर पाहिलं. रस्त्याखालून ताशी पंधरा किलोमीटरने सतत धावणारे दोर, गाडीला स्वतःचं इंजिनच नाही. १८७३ पासूनची कल्पना. दोर धरणारा माणूस मात्र लागतो, आणि त्याच्या दंडाकडे बघून कळतं किती जोर लागतो ते.

शुक्रवार

परतीचं विमान ओकलंडहून होतं. बार्टच्या कॉलिझियम स्टेशनवरून विमानतळापर्यंत चालकाविना जाणारी जोडगाडी आहे, नोव्हेंबर २०१४ पासूनची. हिलाही दोरच ओढतो, डब्यात मोटर नाही. पूर्वी इथे बस होती आणि ती रहदारीत अडकायची. आता ठरलेल्या वेळात पोहोचवते. मैत्रीण सोडायला आली होती, समोरच्या काचेपाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो.

ती म्हणाली, "मग तुझं काय ठरलं? चांगली की वाईट?"

मी तिला लिलची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या त्या शहराने १९८३ मध्ये चालकाविना मेट्रो सुरू केली. डबे दोनच आणि अरुंद, पण गर्दीच्या वेळी गाडी जवळपास मिनिटाला एक. चालक वाचला त्याचे पैसे त्यांनी फेऱ्या वाढवण्यात घातले. पॅरिसने तर १९०० सालची आपली सर्वांत जुनी मेट्रो, मार्गिका १, चालू ठेवून रात्री रात्री काम करत २०१२ अखेरपर्यंत पूर्ण चालकविरहित केली. कोपनहेगनची मेट्रो २००२ पासून चालकाविना आहे, आणि ती रात्रभर धावते, आठवड्याचे सगळे दिवस. यांपैकी एकाही शहरात कुणी विचारलं नाही की आता मेट्रोची गरज काय. चालक नसणं हे तिथे मेट्रोलाच मिळालेलं बळ होतं.

"आणि इथे बार्ट मध्यरात्री बंद होते," ती म्हणाली. तिच्या इस्पितळातली पाळी कधी कधी एक वाजता संपते. त्या वेळी रात्रीच्या 'आउल' बस असतात, पण ठरावीक मार्गांवर आणि बऱ्याच अंतराने. म्हणून ती वेमो घेते. तिच्यासारख्या इतर परिचारिका, सफाईवाले, स्वयंपाकी त्या दराने रोज घरी जाऊ शकत नाहीत, ते थांब्यावर वाट बघतात.

माझ्यासाठी हा प्रश्न इथे येऊन बसला. रात्री एक वाजता पाळी संपवून निघालेल्या सफाई कामगाराला ही गाडी घरी नेणार का, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर आणखी कुणी बसणार का? दुपारी बाराला एकट्याला फिरवणाऱ्या हजार गाड्यांना परवाना देण्याआधी, रात्री बारा ते पाच स्टेशनापासून घरापर्यंत चार-सहा जणांना एकत्र नेणाऱ्या पन्नास गाड्या चालवा अशी अट कुठलंही शहर घालू शकतं, त्याला तो अधिकार दिला तर. बसच्याच तिकिटावर, बसच्याच पासावर. तंत्रज्ञान त्यासाठी आजच पुरेसं आहे, हे मी या आठवड्यात मागच्या सीटवर बसून पाहिलं.

पुढच्या बैठकीसाठी टिपण विमानात लिहायला घेतलं. पहिलं कलम रात्रीच्या फेऱ्यांचं, दुसरं रिकाम्या अंतरावरच्या आकारणीचं, तिसरं अपघाताचं पूर्ण चित्रण चोवीस तासांत शहराच्या हाती देण्याचं. चौथ्यात बसच्या लेन घातल्या आहेत, कारण त्यासाठी कुठल्याही नव्या गाडीची वाट बघायची गरज नाही. लाल रंग आणि थोडी हिंमत एवढंच लागतं.